चौकशी संपेपर्यंत बोलायचं नाही

इनासकाका, आता बोलायला हरकत नाही. चौकशी काल संपली.

काल दुपारी बरक्याला शेतावरच्या त्या लांब खोलीत समितीतल्या तिघांनी निकाल सांगितला, अर्बाबने टेबलावर हात टेकवून 'खलास' म्हटलं आणि मी उठले. वादी अदाईला घरी येईपर्यंत गाडीत मी एक शब्द बोलले नाही. शिरीष दोनदा म्हणाला, "अगं, बोल ना काहीतरी." काय बोलणार? इतके दिवस तोंडात धरून ठेवलेलं नवऱ्याला सांगून काय उपयोग? ते तुम्हाला सांगायचं होतं. आणि तुम्ही तर तिकडे वसईला, तुमच्या चर्चच्या मागे, निवांत जाऊन पडलात. मला तुमचा राग आला आहे. रडू यायचं तेव्हा येईल, आधी हा राग सांगून टाकते.

ओमानमध्ये घोडागाड्यांच्या शर्यती होतात म्हटलं की पुण्याचे माझे नातेवाईक हसतात. मग मला पहिल्यापासून सांगावं लागतं. रुवीतल्या ज्या कंपनीत मी हिशेब बघते तिचा मालक, आपला अर्बाब, कुठेतरी परदेशात या शर्यती बघून आला आणि वेडा झाला. बरक्याच्या शेतावर त्याने वाळूचं गोल मैदान आखून घेतलं, घोडे आणले, एक माणूस जेमतेम बसेल अशा दोन चाकांच्या हलक्या गाड्या आणल्या, आणि त्यांच्याबरोबर नियमांचं जाडजूड पुस्तकही आलं. आजूबाजूच्या शेतमालकांनाही नाद लागला. हिवाळ्यात दर शुक्रवारी शर्यत. घोड्याने पळायचं ते फक्त दुडकीत. तो चौखूर सुटला की चालकाने त्याला बाजूला घ्यायचं, आवरायचं, पुन्हा दुडकीवर आणायचं, आणि तोवर बाकीचे पुढे गेले तर मुकाट जाऊ द्यायचं. पळणाऱ्या जनावराला पळू न देण्याची शर्यत, असं तुम्ही म्हणायचात.

पुस्तक कुणी वाचलेलं नव्हतं. ऑफिसात कुणीतरी अर्बाबच्या कानावर घातलं की मॅडम पुण्यात कबड्डीच्या पंच होत्या. कबड्डीचा आणि घोड्याचा काय संबंध, हे त्याने विचारलं नाही आणि मीही विचारलं नाही. सुट्टीच्या दिवशी घरात बसून खिडकीसमोरचा उघडा डोंगर बघण्यापेक्षा बरं, म्हणून गेले. मला एका पिकअपच्या मागच्या भागात उलटं तोंड करून बसवलं. पिकअपच्या मागे दोन्ही बाजूंना लोखंडी पंख उघडायचे, पंखांमागे घोडे ओळीने दुडकत यायचे, पिकअप वेग घ्यायची, रेषा आली की पंख मिटायचे आणि शर्यत सुटायची. त्यानंतर पिकअप मैदानाच्या आतल्या कडेने पुढे पुढे पळायची आणि मी मागे बघत राहायचे. कुणाचा घोडा चौखूर झाला, कुणी कुणाच्या वाटेत आलं, कुणाचा चाबूक खांद्याच्या वर गेला.

पहिल्या दिवशी तुम्ही शम्साला गाडीला जोडत होता. ती तांबडी घोडी मला भलतीच उंच वाटली. तुम्ही मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलंत आणि विचारलंत, "बाई, घोडा कधी जवळून बघितलाय?"

"नाही," मी म्हटलं. "पण नियम जवळून बघितलेत."

"पुण्याची काय?"

"हो. का?"

"काय नाय. असंच विचारलं." आणि शम्साच्या मानेआड तोंड लपवून तुम्ही हसलात. त्या दिवसापासून मी पंचबाई झाले.

नियमांशी तुमच्याइतकं कुणी भांडलं नाही. नासर, तुमच्याबरोबर गाडी हाकणारा तो दाढीवाला ओमानी, मी शिक्षा सुनावली की छातीवर हात ठेवून मान तुकवायचा आणि पुढच्या शुक्रवारी तीच चूक करायचा. तुम्ही चूक कमी करायचात आणि वाद जास्त घालायचात. लगाम दोन्ही हातांत हवा, हे तुम्हाला पटायचं नाही. तुमच्या बापाने वसईच्या किनाऱ्यावर आयुष्यभर एका हाताने गाडी हाकली. रेषा ओलांडेपर्यंत पाय रिकिबीतून काढायचे नाहीत, हे तर तुम्हाला वेडेपणाच वाटायचं. गाडी उलटली तर उडी कशी मारायची? आणि ओरडायचं नाही हा नियम म्हणजे तुमच्या जिवावरच आला होता.

चाबूक तुम्ही हातात धरायचात, पण घोडीला लावल्याचं मी कधी पाहिलं नाही. तुमचा सगळा कारभार तोंडावर. "चल गं माझे बाय, चल, दाखव त्यांना!" ही आरोळी पार शेवटच्या खजुरापर्यंत जायची. मी ताकीद दिली. पुन्हा दिली. मग एका शुक्रवारपुरतं बसवलं. बंदी हा शब्द तिथे कुणाच्या तोंडी नाही, 'त्याला बसवला' म्हणतात. तुम्ही बसलात, आणि शर्यत संपल्यावर चहाचा कप घेऊन माझ्यासमोर उभे राहिलात.

"फटका मारला तर चालतो, खांद्याच्या खालून. आणि लाडाने हाक मारली तर गुन्हा? हे कुठलं पुस्तक गं?"

"तुमच्या लाडाने शेजारचा घोडा बिचकतो, काका."

"मग त्याने पण आपल्या घोड्याचा लाड करावा ना. मी नाय कुठं म्हणतो?"

यावर माझ्याकडे उत्तर होतं, चांगलं लांबलचक उत्तर. ते ऐकताना तुम्ही शम्साच्या शेपटीतले काटे काढत होतात. वाद मिटला नाही, पण पुढच्या शुक्रवारपासून आरोळी बंद झाली. तुम्ही ओठातल्या ओठात बोलायला लागलात. ते फक्त मला ठाऊक होतं, कारण पंखांमागून येताना तुमचं तोंड माझ्याकडे असायचं. बाकी सगळ्यांनी तुम्हाला शर्यतीत बाजूने नाहीतर पाठमोरं पाहिलं. मी पाहिलं ते समोरून, धुळीत डोळे बारीक केलेले, ओठ हलताहेत, आणि शम्साचा एक कान मागे वळलेला. ओठ हलवणं नियमात बसतं का, हे मी पुस्तकात शोधलं. काही सापडलं नाही, तेव्हा फार बरं वाटलं.

नाताळात तुम्ही शेतावरच्या गॅसवर तुमच्या वसईचे ते गोड पिठाचे गोल फुगे तळायचात. ईराला त्यांचं भारी वेड. माझी लेक मराठी बोलताना अडखळते, पण "इनासअंकल, अजून एक फुगा" हे तिला कधी अडलं नाही. असेच फुगे खाताना तुम्ही ती आडव्या गाडीची गोष्ट सांगितलीत. तुमच्या किनाऱ्यावर शर्यतीत एखाद्याची गाडी उलटली, की तिच्या मागच्याने आपली शर्यत सोडायची आणि पडलेल्या माणसाच्या अलीकडे आपली गाडी वाळूत आडवी घालायची. मागून येणारे ती बघून दोन्ही बाजूंनी फाकतात. हे तुमच्या बापाने तुम्हाला लगाम हातात द्यायच्या आधी शिकवलं होतं.

"पडलेला माणूस दिसत नाय, पंचबाई. धूळ असते. आडवी गाडी दिसते."

मी म्हटलं, "तुमचा किनारा रुंद होता, काका. इथे दोन्ही बाजूंना कुंपण आहे. इथे गाडी आडवी घातली तर मागच्यांनी फाकायचं कुठे? पुस्तकात स्पष्ट म्हटलंय, कुणी पडलं तरी थांबायचं नाही, बाहेरच्या बाजूने निघून जायचं. थांबणं हा सगळ्यात मोठा गुन्हा आहे."

"मग पडलेल्याने काय करायचं?"

"त्यासाठी माणसं नेमलीत."

"ती येईपर्यंत?"

मी आणखी एक फुगा घेतला. वाद तिथेच राहिला.

हंगामाच्या शेवटी खजुरांच्या मागच्या वळणावर नासरची गाडी उलटली. ते वळण प्रेक्षकांच्या मांडवातून दिसत नाही, कॅमेऱ्यालाही दिसत नाही. नासर पुढे होता, तुम्ही त्याच्या मागे, आणि तुमच्या मागे बाकीचे, धुळीत. त्याचा घोडा चौखूर झाला, चाक कुंपणाला घासलं आणि गाडी आत फेकली जाऊन उपडी झाली. तुम्ही लगाम खेचलात आणि शम्साला वळवून गाडी आडवी घातलीत. त्याच क्षणी रिकिबीतून पाय काढलेत, लगाम एका हातात घेतलात आणि इतक्या जोरात ओरडलात की मी आजवर ऐकलेल्या तुमच्या सगळ्या आरोळ्या त्यापुढे कुजबुज. एका दमात तुम्ही पुस्तकातले जवळजवळ सगळे नियम मोडलेत. मागचे घोडे बिथरले. एक गाडी कुंपणात घुसली आणि तिच्या घोड्याचा पाय चांगलाच फाटला. मी म्हणाले होते तसंच झालं. फाकायला जागा नव्हती.

लोक पोचले तेव्हा त्यांना काय दिसलं? नासर कडेला वाळूत पडलेला, सुखरूप. मधोमध तुमची आडवी गाडी. कुंपणात अडकलेला रक्तबंबाळ घोडा. सगळ्यांनी ठरवून टाकलं की म्हाताऱ्याने उगाच वाट अडवली. नासरच्या डोक्याला मार बसलेला, त्याला गाडीत बसल्याचंसुद्धा आठवत नव्हतं. पिकअप चालवणारा पुढे बघत होता. मागे बघणारी मी एकटी. मी साक्षीदार आहे एवढं मी त्याच दिवशी कळवलं. काय पाहिलं ते समितीसमोरच सांगायचं, आधी कुणालाही नाही, आणि ज्या चालकाची चौकशी आहे त्याला तर मुळीच नाही, असा नियम आहे. तो नियम चांगला आहे. मी अजूनही तेच म्हणेन. साक्षीदार आणि आरोपी बाहेर गप्पा मारायला लागले तर साक्षीला काय अर्थ?

तुम्हाला बसवलं. शुक्रवारपुरतं नाही, चौकशी होईपर्यंत. चौकशी चालू असलेल्या चालकाने तबेल्यात पाऊल टाकायचं नाही. आणि बोलावताच हजर होता येईल असं राहायचं, म्हणजे देश सोडायचा नाही. दोन्ही नियम वेगवेगळे वाचले तर शहाणपणाचे आहेत. तुमच्या बाबतीत ते एकाच वेळी लागू झाले. त्या हंगामानंतर तुम्ही कायमचे घरी जाणार होतात. वसईच्या घरी रेजिनाकाकूंनी ओटीवर तुमच्यासाठी आरामखुर्ची आणून ठेवली होती, तुमची बॅग भरून दोरीने बांधलेली होती, आणि अर्बाब नेमका उपचारांसाठी परदेशात. तो आल्याशिवाय समिती बसणार नाही. चौकशी कधी म्हटलं की सगळे एकच सांगायचे, "इन्शाल्ला, पुढच्या आठवड्यात." ऊन वाढत गेलं, मैदानावर पाणी मारायचं बंद झालं, बाकीचे चालक सुट्टीवर गेले, आणि पुढचा आठवडा काही येईना.

तुमची खोली तबेल्याला लागून. मधे एक भिंत. शम्सा चाऱ्याच्या वेळी त्या भिंतीवर खूर आपटायची, तुम्ही खोकलात की फुरफुरायची. मी एकदा डबा घेऊन आले तेव्हा तुम्ही उशीत तोंड खुपसून खोकत होता.

"काका, हे काय?"

"घोडीशी संबंध ठेवायचा नाय ना. आवाज भिंतीतून गेला तर नियम मोडला काय गं?"

चेष्टा करताय की खरंच विचारताय, मला कळेना. "माहीत नाही," मी म्हटलं.

"तुला माहीत नाय असा पण नियम हाय? चला, काहीतरी नवीन झालं."

आणि तुम्ही थालीपीठ खायला बसलात. दही कुठलं, पीठ पुण्याहून आणलं की इथे दळलं, ईराची परीक्षा कशी झाली, सगळं विचारलंत. खोलीत एक खाट, एक खुर्ची, येशूची तसबीर आणि ती बांधलेली बॅग. खिडकी मैदानाकडे. मी त्या खोलीत बसले की माझा जीव घुसमटायचा, आणि तुम्ही तिथे दिवस काढत होता. बाहेर पडलात तर फक्त दारासमोरच्या खुर्चीपर्यंत. तबेल्याची हद्द खुर्चीच्या पुढच्या पायांपासून सुरू होते, असं तुम्हीच पावलाने मोजून ठरवलं होतं. तसं पुस्तकात कुठेही नव्हतं. आयुष्यभर नियमांशी भांडलेला माणूस स्वतःसाठी नवे नियम करत होता. मला ते बघवेना.

म्हणून त्या दिवशी मी नियम मोडायला निघाले. कबड्डीच्या मैदानापासून आजवर जे केलं नाही ते करायला. डबा खाली ठेवला आणि म्हटलं, "काका, त्या दिवशी वळणावर मी—"

तुम्ही हात वर केलात, तळवा माझ्याकडे. शर्यतीत घोडा आवरत असल्याची खूण करतात तसा.

"नियम काय म्हणतो, पंचबाई?"

"मरू दे तो नियम."

"असं नाय बोलायचं तू." तुम्ही हळू बोलत होतात, भिंतीपलीकडे जाऊ नये म्हणून. "समिती तुला पहिलं हेच विचारणार, इनासशी बोलणं झालं काय. तू खोटं बोलणार नाय. तुला येतच नाय. झालं म्हणालीस की तुझी साक्ष गेली कचऱ्यात. मला एकच साक्षीदार हाय. ती पण घालवू काय?"

"पण काका, तुम्हाला माहीत तरी..."

"माझ्या बाजूचं असेल तरी नको. उलट असेल तरी नको. समितीतच ऐकेन. समोर बसून."

उलट असेल तरी. हे शब्द मला लागले, काका. अजून टोचताहेत. माझी साक्ष तुमच्या विरुद्ध जाईल असं तुम्हाला खरंच वाटत होतं. का वाटू नये म्हणा! ओरडलात म्हणून तुम्हाला बसवणारी मीच. आडव्या गाडीवरून तुमच्याशी भांडलेली मीच. मी फक्त आडवी गाडी पाहिली असेल, त्यापलीकडचं काही पाहिलं नसेल, हा विचार घेऊन तुम्ही त्या खुर्चीत बसत होता. मी तोंड उघडलं असतं तर तुम्हाला एक दिवस बरं वाटलं असतं आणि तुमचं नाव कायमचं गेलं असतं. मी गप्प बसले. डब्याचं झाकण लावलं. तुम्ही म्हणालात, "पुढच्या वेळी लोणचं जास्त आण." एवढंच.

त्याच खुर्चीत तुम्ही गेलात. दुपारी, चहा यायच्या आधी. शेतावरच्या केरळी स्वयंपाक्याने मला फोन केला, आणि त्याला रडताना हिंदी-मल्याळम काहीच धड बोलता येईना, तरी मला सगळं समजलं. तुम्हाला विमानाने घरी नेलं तेव्हा चौकशी चालूच होती. देश सोडायचा नाही हा शेवटचा नियमही तुम्ही मोडलात. त्याबद्दल कुणी ताकीद दिली नाही.

घरी मी भांडी घासत रडत होते तेव्हा ईरा मागे येऊन उभी राहिली. "आई, अंकलने रूल ब्रेक केला होता ना?"

"हो."

"देन तू त्यांच्या साइडने का आहेस?"

"मी कुणाच्याच बाजूने नाही. मी पंच आहे."

"मग व्हाय आर यू क्राइंग?" ती गोंधळून म्हणाली, आणि माझ्या हातातली घासणी घेऊन तिने उरलेली भांडी घासली.

रेजिनाकाकूंचा फोन तुमच्या मातीनंतर आला. मी काय बोलायचं ते ठरवून ठेवलं होतं, त्यांनी बोलूच दिलं नाही. "पंचबाई," त्याही तेच म्हणतात, तुम्हीच शिकवलं असणार, "मला एकच सांग. ह्यांना काढून टाकलेलं काय? इथं चर्चमधे लोक विचारतात, तिकडं काय केलं होतं यांनी. पोरांना काय सांगू मी?"

मी म्हटलं, "चौकशी व्हायची आहे, काकू."

"आता कुणाची चौकशी?"

अर्बाबही तेच म्हणाला. तो परत आला होता, काठी घेऊन चालत होता, तुमच्या बातमीने हलला होता. त्याला तुमची आठवण काढायची होती, चौकशी नको होती. "मैडम, खलास. इनास अच्छा आदमी था. आदमी गया, केस भी गया."

"नहीं गया, अर्बाब," मी म्हटलं. माझं हिंदी रागात आणखी बिघडतं. "केस खुला रहेगा तो उसके नाम के आगे हमेशा लिखा रहेगा कि बिठाया हुआ ड्राइवर. वो ऐसे ही बैठा रहेगा."

त्याने काठीच्या मुठीवर हनुवटी टेकवली. मग म्हणाला, "यल्ला, करो."

तर काल झाली चौकशी. पुस्तकात म्हटलंय की चालकाला समितीसमोर खुर्ची द्यावी, म्हणून मी खुर्ची ठेवायला लावली. तुमचीच आणवली, दारासमोरची. नासर भिंतीला टेकून उभा होता. आरोप वाचला. मग नियमाप्रमाणे विचारलं, "चालकाला काही म्हणायचं आहे?" सगळे त्या खुर्चीकडे बघत होते. या खोलीच्याही भिंतीपलीकडे तबेला. तिथे शम्साने खूर आपटला, तेव्हा नासरने तोंड फिरवलं.

मग मला बोलावलं. मी सांगायला तोंड उघडलं तर समितीतल्या वयस्कर गृहस्थांनी हात वर केला, तुमच्यासारखाच. आधी एक प्रश्न. "या घटनेबद्दल चालकाशी तुमचं कधी, काही बोलणं झालं?"

"नाही," मी म्हटलं.

"एकदाही नाही?"

"एकदाही नाही."

खरं होतं ते. तुम्ही ते खरं ठेवलं होतंत. मला इतका कठीण शब्द कधी उच्चारावा लागला नव्हता, आणि त्याच शब्दावर माझी पुढची सगळी साक्ष उभी राहिली. मग मी पाहिलं ते सगळं सांगितलं. नासर ऐकता ऐकता खाली बसला.

निकाल असा की नियम मोडला. होय काका, मोडला. गाडी आडवी घातली, त्याने दुसऱ्याचा घोडा जायबंदी झाला, हे कुणाला नाकारता येणार नाही आणि मीही नाकारलं नाही. मात्र माणूस वाचवायला मोडला. शिक्षा म्हणून जेवढं बसवलं तेवढं पुरे. परवाना परत. आडव्या गाडीचा वाद अर्धा तुम्ही जिंकलात, अर्धा मी. उरलेलं भांडायला तुम्ही नाही, हे मला फार अन्यायाचं वाटतं.

संध्याकाळी रेजिनाकाकूंना फोन केला.

"निर्दोष ना गं?"

"नाही काकू. नियम मोडला असंच ठरलं. पण शिक्षा भोगून झाली. परवाना परत दिलाय."

"म्हणजे ड्रायव्हर म्हणूनच गेले ना ते?"

"हो. ड्रायव्हर म्हणूनच."

"मग बास," त्या म्हणाल्या, आणि पलीकडे पोरांना मोठ्याने हाक मारून तेच सांगितलं.

तुम्ही सुटलात, काका. मी नाही सुटले. थंडी पडली की पुन्हा शुक्रवार येतील, मी पुन्हा त्या पिकअपमध्ये उलटं तोंड करून बसेन, पंख उघडतील, आणि मला ठाऊक आहे, मी ओळीतल्या प्रत्येकाचे ओठ बघेन. जे सांगायला तुम्ही मला बंदी केलीत ते समितीला सांगून झालं, अर्बाबने ऐकलं, नासरने ऐकलं, रेजिनाकाकूंनी ऐकलं. ज्याला सांगायचं होतं त्यानेच ऐकलं नाही. समोर बसून ऐकेन म्हणाला होतात. आता मी थांबत नाही. तुमच्या नियमाची मुदत संपली.

नासरचा पाय उलटलेल्या गाडीच्या रिकिबीत अडकला होता. तो मैदानाच्या मधोमध होता, मागून येणाऱ्यांच्या थेट वाटेत, आणि धुळीत कुणाला दिसत नव्हता. तुम्ही गाडी त्याच्या अलीकडे आडवी घातलीत, उडी मारलीत, त्याचा पाय सोडवलात, काखेत हात घालून त्याला कडेला ओढलंत, आणि मग लोक आले.

हो काका. मी बघितलं.